हातात गजगे असले तरी ध्यान लागतं

‘नमस्कार काकू,
मी बेळगावात, वडगावला राहते. वय ४१. घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, मुलगी दहावीला. झोप लागत नव्हती, बीपी थोडं वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा आणि ध्यान-बिन काहीतरी करा. म्हणून टिळकवाडीत एका क्लासला जाते. तिथं अर्धा तास डोळे मिटून बसायचं. मला एक तर झोप येते, नाही तर हसू येतं, नाही तर कुणाच्या ब्लाऊजचा गळा किती ठेवायचा तेच डोक्यात फिरत राहतं. कधी कधी डोळे मिटले की छातीत धडधडतं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुमचं मन फार चंचल आहे. मागच्या सुट्टीत नणंदेची मुलगी आलेली. तिला गजगे, म्हणजे सागरगोटे, शिकवता शिकवता मीच तासभर खेळत बसले. तेवढा वेळ डोक्यात काही नव्हतं, काकू. रात्री झोपही लागली. सासूबाई म्हणाल्या, “आता एवढंच राहिलं होतं की गं!” हे ध्यान म्हणायचं की पोरखेळ? आणि क्लास सोडू काय?
– एक वाचक, वडगाव’

ताई,

क्लासचं शेवटी सांगते. आधी गजग्यांचं. त्या दिवशी तुमच्या हातून झालं ते ध्यानच होतं, निम्मं का होईना. उरलेलं निम्मं अवघड नाही.

गजगे खेळताना काय होतं ते बघा. एक गजगा वर जातो, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचाही झेलायचा. डोळा वर, हात खाली, आणि वेळ एका क्षणाचा. त्या क्षणात ‘उद्या अस्तर लावायचंय’ असा विचार आला की गजगा निसटतो. डोळे मिटून बसल्यावर मन कुठं गेलं हे पाच-दहा मिनिटांनी लक्षात येतं, कधी येतही नाही. गजग्यात ते तिथल्या तिथं कळतं. आणि कळल्यावर कुणी रागवत नाही. डाव दुसरीकडे जातो, फिरून आपल्याकडे येतो, आपण पुन्हा गजगा वर टाकतो. मन गेलं, कळलं, परत आणलं: कुठल्याही आसनावर बसलात तरी करायचं एवढंच असतं. तुम्ही ते तासाभरात शेकडो वेळा केलंत आणि त्याचा शीण आला नाही, कारण खेळात चुकणं हा खेळाचाच भाग असतो. क्लासमध्ये तुम्ही चुकलात की लगेच स्वतःला रागवता. तो राग आला की ध्यान तिथंच संपतं.

मिहाय चिक्सेंटमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात चित्रकार, बुद्धिबळ खेळणारे, कडे चढणारे अशा लोकांशी बोलून या तल्लीनतेचा अभ्यास केला आणि तिला ‘फ्लो’ म्हटलं. काम आपल्या कुवतीला जरा ताण देणारं हवं, फार सोपं नको, फार अवघडही नको, आणि जमलं की नाही ते लगेच कळायला हवं. मग माणूस घड्याळ विसरतो. गजगे या कसोटीला पुरेपूर उतरतात. एक-एक उचलणं जमलं की दोन-दोन, मग तीन-तीन. अवघडपणा आपोआप वाढत जातो.

आता उरलेलं निम्मं. तल्लीन झाल्यावर आपण हरवून जातो, पण आपलं लक्ष लागलं होतं याची जाण त्या वेळी नसते. ती हवी. म्हणून डाव संपला की गजगे मुठीत धरून तिथंच थोडा वेळ बसा. डोळे उघडेच ठेवा. हाताला गजग्यांचा गारवा लागतो का, खांदे कुठं आहेत, श्वास वर छातीत चाललाय की खाली पोटात, एवढं बघा आणि उठा. मुलीशी किंवा भाचीशी खेळत असाल तर तिलाही बसवा. मुलांना हे फार आवडतं, कारण यात त्यांना कुणी ‘गप्प बस’ म्हणत नाही.

तुम्ही विचारता, याला ध्यान म्हणायचं का. पतंजलींच्या योगसूत्रांत, पहिल्याच पादात, मन स्थिर करायचे उपाय एकामागून एक सांगितलेत. श्वास आहे, आतला प्रकाश आहे, विरक्त माणसाचं चित्त आहे. ३८ व्या सूत्रात तर स्वप्न आणि झोप यांचाही आधार घ्यायला सांगितलंय. आणि शेवटी ३९ वं सूत्र येतं: यथाभिमतध्यानाद्वा. ज्याला जे रुचतं त्याच्या ध्यानानंही मन स्थिर होतं. एवढी मोकळीक ज्या शास्त्रानं दिली त्याच्या नावानं आपण एकमेकांना पाठीचा कणा ताठ आहे की नाही यावरून जोखतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मन चंचल आहे म्हणून टोकणाऱ्यांबद्दलही एक सांगते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन कृष्णाकडे हेच गाऱ्हाणं घेऊन जातो. मन चंचल आहे, त्याला आवरणं म्हणजे वारा आवरण्यासारखं आहे, म्हणतो. ज्याला झाडावरच्या पक्ष्याचा फक्त डोळा दिसत होता तो अर्जुन! आणि कृष्ण त्याला खोडून काढत नाही. होय, आवरायला कठीण आहेच, असं आधी मान्य करतो आणि मगच अभ्यासाचं सांगतो. तुम्ही सरांपुढं बसून खाली मान घालायचं काही कारण नाही.

काश्मीरच्या शैव परंपरेत विज्ञानभैरव नावाचा ग्रंथ आहे. त्यात ११२ धारणा सांगितल्यात, म्हणजे लक्ष ठेवायच्या ११२ जागा म्हणा. श्वास, मंत्र, शून्य हे सगळं त्यात आहेच. पण हलत्या वाहनात बसल्यावर अंगाला बसणारे हेलकावे आहेत, शिंक यायच्या आधीचा आणि नंतरचा क्षण आहे, खोल विहिरीच्या काठावरून आत बघणं आहे, चवीच्या खाण्यापिण्यातला आनंद आहे आणि गरगर फिरून जमिनीवर पडणंही आहे. हे सगळं गंभीरपणे, शिव-शक्तीच्या संवादात सांगितलंय.

गरगर फिरणं म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं? मला फुगडी. तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात सूफी कवी रूमींच्या परंपरेतले दरवेशी गोल फिरतात, ते बघायला जगभरातून लोक जातात. आपल्याकडं वारीत रिंगण झालं की पिकल्या मिशांचे टाळकरी पावल्या खेळतात, हुतूतू खेळतात, एकमेकांच्या हातात हात अडकवून फुगड्या घालतात. संतांनी फुगडीवर, हुतूतूवर, टिपरीवर अभंग रचले. आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या गावांत पारायणाच्या सप्ताहात पावली बघितली असेल तुम्ही. पाय एका ठेक्यात, टाळ दुसऱ्या हालचालीत, तोंडानं नाम. या तिन्हीकडं एका वेळी लक्ष दिल्यावर काळजी करायला मनात जागाच शिल्लक राहत नाही. त्याला कुणी पोरखेळ म्हणत नाही. मग अंगणातल्या फुगडीला का म्हणावं? फुगडी घालताना समोरचीच्या डोळ्यांवर नजर ठेवली तर चक्कर कमी येते, हे तुम्हाला माहीत असणार. थांबल्यावर घर फिरत असतं आणि पाय मात्र जमिनीवर असतात. ते घर थांबेपर्यंत नुसतं बघत उभं राहायचं. तुमचं बीपी लक्षात घेता फुगडी हळू, दोन-चार फेऱ्यांचीच, आणि जेवल्यावर नको.

आता तुमच्या घरात रोज हाताशी असलेल्या गोष्टी.

वडगावात राहता म्हणजे आजूबाजूला विणकरांचे माग असणारच. तो खटका-खटका सकाळपासून कानावर आदळतो आणि ध्यानाला शांतता लागते असं डोक्यात असल्यानं तो शत्रू वाटतो. एक खेळ करून बघा. आधी सगळ्यात जवळचा माग ओळखा. त्याचाच ठेका धरा. मग त्याच्या मागचा, जरा लांबचा. दोन मागांचे ठेके मध्येच जुळतात, थोडा वेळ एकत्र चालतात आणि पुन्हा सुटतात. ते जुळण्याची वाट बघा. काम थांबवायची गरज नाही, फॉलची हातशिलाई करता करता होतं. आणि करंट गेला की उठून लगेच मोबाईल बघू नका. सगळे माग एकदम बंद पडतात तेव्हाचं पहिलं मिनिट तुम्हाला फुकट मिळालेलं असतं. त्यात काय काय ऐकू येतं ते मोजा: भांडी, कावळा, कुणाचा तरी खोकला, स्वतःचा श्वास. हे आवाज आधीही होतेच.

शिवणाचं काम तर तुमच्या हातातच आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं आपले २४ गुरू सांगितलेत. त्यात एक बाण करणारा कारागीर आहे. तो बाण सरळ करण्यात इतका गढलेला की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, त्याला पत्ताही लागला नाही. नाथांनी एकनाथी भागवतात हा भाग मराठीत आणला. त्या कारागिरानं आसन घातलं नव्हतं, तो आपलं काम करत होता. तुम्ही एवढंच करा: दिवसातली एक शिवण निवडा. मापं, बेतणं, कापणं यात हिशेब असतो, तिथं विचार करावाच लागतो, ते सोडा. सरळ शिवण घ्या. सुई कापडात शिरते त्या एका जागेवर नजर, पायाखाली पायडल, आणि शिवण संपेपर्यंत दुसरं काही नाही. संपली की दोरा तोडायच्या आधी एक श्वास. बाकीच्या शिवणी नेहमीसारख्या, गप्पा मारत मारा.

तुमच्या क्लासच्या वाटेवरच, टिळकवाडीत, १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी अध्यक्ष झाले ते फक्त याच अधिवेशनाचे. सभासदानं वर्गणी पैशात नाही तर सुतात द्यावी, महिन्याला २,००० वार, असं तिथं ठरलं. त्यात राजकारण होतं, खादीचा विचार होता. पण स्वतः गांधीजींसाठी रोजची सूतकताई हा यज्ञ होता, प्रार्थनेच्या जोडीचा. चाकाच्या फिरण्यात आणि दोऱ्याच्या ताणात मन राहतं, हे वडगाव-शहापूरच्या विणकरांना कुणी वेगळं सांगायला नको.

बाजाराचा खेळ मला सगळ्यात आवडतो. गणपत गल्लीत किंवा शहापूरच्या खडेबाजारात भाजी घ्यायला गेलात की पिशवी खाली ठेवून कोपऱ्यावर थोडं थांबा. मराठी, कन्नड, उर्दू, मध्येच कोकणी, सगळं कानावर पडतं. आता अर्थ सोडून द्यायचा आणि नुसता सूर ऐकायचा. भाव सांगताना आवाज वर जातो आणि घासाघीस सुरू झाली की खाली येतो. कन्नड वाक्याच्या टोकाला तो आदराचा ‘री’ लागतो, आपल्या मराठीच्या टोकाला ‘की’. जी भाषा येत नाही तिचा सूर पटकन सापडतो. जी थोडी येते तिच्यात अर्थ मध्ये मध्ये घुसतो. आणि मराठीत तर अर्थ सोडवतच नाही. कुणी ‘टोमॅटो साठ रुपये’ म्हटलं की मन लगेच घरच्या डब्यापर्यंत पोचतं. तिथंच बघायचं: नुसता एक आवाज आला आणि मन केवढं पळालं. अर्धा तास डोळे मिटून जे दिसत नाही ते इथं भाजीच्या ढिगाशेजारी दिसतं. आणि ज्या गावात कुठली पाटी कुठल्या भाषेत यावरून इतकी वर्षं मनं दुखावली, तिथं थोडा वेळ सगळ्या भाषा नुसत्या सूर म्हणून ऐकल्या की निदान माझ्या मनाला तरी फार बरं वाटतं.

माहेर खानापूरकडं असेल, किंवा कुठंही असेल, तर बसमधली वेळ वाया घालवू नका. अंग सैल सोडा आणि बस जशी हलवेल तसं हला. वळणावर अंग कुठं झुकतं, ब्रेक मारला की पोटात काय होतं, तेवढंच. उभं राहायची वेळ आली तर दांड्याला धरून तळपायांकडं लक्ष.

खाण्यातलं एक. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली रुग्णांसाठी ध्यानाचा वर्ग सुरू केला. त्यात लोकांना एक बेदाणा देतात आणि तो अगदी सावकाश, बघत, हुंगत, चावत खायला लावतात. आपल्याकडं कुंदा आहे, दुधाची मिठाई. चमच्याच्या टोकावर बसेल एवढाच घ्या, जिभेवर ठेवा आणि त्याचे दाणे एकेक करून विरघळेपर्यंत चावू नका. एकच चमचा. दुसरा घेतलात तर तो खेळ नव्हे, ते कुंदा खाणं.

हसू आणि झोप यांची तुम्हाला लाज वाटते, ती वाटू देऊ नका. मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये एका बागेत मूठभर लोकांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. आज गावोगावी लोक सकाळी मुद्दाम हसतात. तुम्हाला तर न बोलावता येतं. पुढच्या वेळी हसू आलं की दाबू नका, त्याच्याकडंच लक्ष द्या. ते आधी कुठं उठतं, पोटात की गालात? ते येताना श्वासाचं काय होतं? ओसरल्यावर काय राहतं? हसू हेच तेवढ्यापुरतं तुमचं ध्यान. झोपेचं म्हणाल तर रात्री झोप नसलेली बाई दुपारी डोळे मिटून बसली की झोपणारच. ती शरीराची गरज आहे, झोपा. ध्यान सकाळी, उभ्यानं किंवा चालत करा.

धडधडीचं मात्र मी हलक्यानं घेणार नाही. आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, बीपीच्या तपासणीला जाल तेव्हा आठवणीनं. काही लोकांना डोळे मिटून गप्प बसलं की भीती, जुन्या आठवणी, घाबरं होणं असं होतं. हे ध्यान शिकवणाऱ्यांना माहीत असायला हवं. त्यात तुमचा दोष नाही आणि ‘सहन करा, निघून जाईल’ हा सल्ला ऐकू नका. असं झालं की डोळे उघडा, पाय जमिनीवर घट्ट टेकवा, समोरच्या तीन वस्तूंची नावं मनात घ्या. म्हणूनच मी वर सांगितलेले बहुतेक खेळ उघड्या डोळ्यांचे आहेत. घाबरं होणं वाढलं, किंवा झोपेविना दिवस काढणं कठीण झालं, तर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ या नंबरवर, दिवसरात्र, फुकट, अनेक भारतीय भाषांत. फोन करायला लाजू नका. आणि बीपीच्या गोळ्या ध्यान जमतंय म्हणून कमी करायच्या नाहीत.

हे सगळे खेळ एकदम सुरू करू नका. कामांच्या यादीत आणखी एक यादी नको. मन ज्याच्याकडं आपोआप जातं तो एक धरा, कंटाळा आला की बदला. कुणाला किती वेळ जमलं याची वही ठेवू नका, मोबाईलवरही मोजू नका. मोजणं सुरू झालं की तुम्ही पुन्हा सरांसमोर बसलेल्या असाल.

सासूबाईंचं मी मनावर घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. त्यांच्या वयाच्या बायकांचा गजग्यांवरचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला असतो. ‘तुम्ही किती-किती उचलायच्या?’ एवढंच विचारा आणि गजगे त्यांच्यापुढं ठेवा. गुडघे दुखत असतील तर खाटेवर, चादर ताणून. जुने गजगे हरवले असतील तर काष्ठौषधींच्या दुकानात सागरगोटे म्हणून मागा.

राहिला क्लास. फी भरली आहे तोवर जा. सरांना एकटं गाठून स्वच्छ सांगा: डोळे मिटले की धडधडतं, म्हणून मी डोळे अर्धे उघडे ठेवून, पुढं जमिनीवर नजर टाकून बसेन, आणि जमलं नाही तर मागच्या बाजूला हळू चालेन. जपानी बौद्धांच्या झेन परंपरेत डोळे असेच अर्धे उघडे ठेवतात आणि दोन बैठकींच्या मध्ये चालण्याचं ध्यानही करतात, त्यामुळं तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. मनापासून शिकवणारा माणूस हो म्हणेल. नाही म्हणाले, किंवा पुन्हा चारचौघांत टोकलं, तर पुढच्या महिन्याची फी भरू नका आणि तो अर्धा तास मुलीला द्या. दहावीचं वर्ष आहे, तिलाही अभ्यासातून उठून दोन डाव खेळायची गरज असेल.

तुमची,
काकू